निकेलचे नखरे

इलेक्ट्रिक कार बघायला शोरूममध्ये गेलं, की आपला पहिला प्रश्न ठरलेला, ‘एका चार्जमध्ये किती जाते?’ रंग, लूक्स, ईएमआय सगळं नंतर. अनेक गाड्यांमध्ये या प्रश्नाचं उत्तर निकेल नावाच्या धातूपाशी येऊन थांबतं. आणि हा गडी आहे भलताच मूडी!

बॅटरी चार्ज होते तेव्हा कॅथोडमधलं लिथियम बाहेर पडून समोरच्या अ‍ॅनोडमध्ये जाऊन बसतं. गाडी धावते तेव्हा ते घरी परततं. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हा कॅथोडमध्ये महागडा कोबाल्ट होता. पुढे निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचं त्रिकूट आलं, एनएमसी. तिघांचा वाटा सारखा असेल तर ‘१११’. आठ भाग निकेल आणि बाकी दोघे एकेक भाग, तर ‘८११’. निकेल वाढलं, की तेवढ्याच वजनात जास्त लिथियमची ये-जा होते. म्हणजेच जास्त रेंज.

मग घोडं पेंड कुठे खातं?

कॅथोडचा कण म्हणजे रव्याचा लाडूच समजा. असंख्य बारीक दाणे एकमेकांना चिकटून बसलेले. बॅटरी फुल होत आली, की बहुतेक लिथियम बाहेर गेलेलं असतं आणि आतले थर एकदम आकसतात. रोज हेच झालं, की लाडवाला तडे जातात. त्या तड्यांत इलेक्ट्रोलाइट शिरतो, निकेलशी त्याची झटापट होते आणि लिथियमची वाट अडवणारा थर तयार होतो. रेंज घटते ती अशी. शिवाय चार्ज झालेला कॅथोड तापला तर ऑक्सिजन सोडतो. निकेल जितकं जास्त, तितक्या कमी तापमानाला. शेजारी ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट असताना हे परवडणारं नाही.

सोलच्या हानयांग विद्यापीठातल्या यांग-कूक सुन यांच्या टीमने यावर मस्त तोड काढली. निकेल आत ठेवायचं आणि बाहेर शांत स्वभावाच्या मँगनीजचा पहारा बसवायचा. पण आतला गाभा आणि बाहेरचं कवच कमी-जास्त आकसायचे, मध्ये फट पडायची. ओल्या भिंतीवरच्या रंगाचे पोपडे सुटतात ना, तसंच. म्हणून त्यांनी सीमारेषाच पुसली. अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेसोबत २००९ मध्ये त्यांनी असा कण मांडला, ज्याच्या बाहेरच्या भागात निकेल हळूहळू कमी होत जातं. २०१२ मध्ये तर केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत असाच उतार आणला.

इतरही उपाय आहेत. अ‍ॅल्युमिनियम, झिर्कोनियम किंवा टंगस्टनची चिमूट मिसळणं, अ‍ॅल्युमिनाचा पातळ लेप देणं किंवा लाडवाऐवजी एकसंध स्फटिकच वापरणं. फुकट मात्र काहीच नाही. चिमूट जास्त झाली, की क्षमता घटते आणि प्रत्येक लेप खर्च वाढवतो.

तोवर आपल्या हातात काय? गाडीत एनएमसी बॅटरी असेल, तर रोज शंभर टक्क्यांचा हट्ट सोडा. आकसण्याचा खेळ शेवटच्या टप्प्यातच रंगतो, म्हणून रोजच्या ऑफिससाठी ऐंशी टक्के पुरे. फुल चार्ज महाबळेश्वरच्या वीकेण्डला. एलएफपी बॅटरीत निकेल नसतंच, तिचे नियम वेगळे. तेव्हा मॅन्युअल वाचा. आणि पुढच्या वेळी शोरूममध्ये ‘किती जाते’च्या जोडीला ‘किती वर्षं टिकते’ हेही विचारा!