सैनिकी परिचर्या सेवेचे दार अकरावीत उघडते

मुंबई-गोवा महामार्गावर पाली येथे आंबा घाटमार्गे कोल्हापूरकडे जाणारा रस्ता फुटतो. रत्नागिरी तालुक्यातील या तिठ्यावरून कोकणचे तरुण पिढ्यान् पिढ्या नोकरीसाठी बाहेर पडले. कोणी मुंबईच्या गिरणीत गेले, कोणी सैन्यात भरती झाले. आज त्याच घरांतील मुली बारावीनंतर परिचर्येच्या शिक्षणाचा विचार करतात. परंतु सैन्यातही परिचारिकेला स्थान आहे, ते अधिकाऱ्याचे आहे आणि त्यासाठीची तयारी दहावीच्या निकालापासूनच करावी लागते, ही माहिती अनेक घरांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. ती पोहोचते तेव्हा पुष्कळदा विषयांची निवड होऊन गेलेली असते.

अधिकारीपदाची परंपरा

२८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. भारतातील सैनिकी रुग्णालयांत शुश्रूषेची पद्धतशीर व्यवस्था लावणे हे त्यांचे काम होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१४ मध्ये, या कामासाठी भारतातून परिचारिका घेण्यास प्रारंभ झाला. १ ऑक्टोबर १९२६ रोजी ही सेवा कायमस्वरूपी झाली. आजही १ ऑक्टोबर हा तिचा स्थापना दिन म्हणून साजरा होतो. १९४३ च्या वटहुकुमाने तिच्या अधिकारीपदांना कायद्याचा आधार मिळाला.

या सेवेत दाखल होणारी परिचारिका प्रथम लेफ्टनंट होते. पुढे कॅप्टन, मेजर अशा पायऱ्या चढत मेजर जनरल या पदापर्यंत जाता येते. १९७६ मध्ये जी. ए. राम या भारतीय सैन्यातील पहिल्या महिला मेजर जनरल झाल्या, त्या याच सेवेतील होत. भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांच्या रुग्णालयांत या अधिकाऱ्यांच्या नेमणुका होतात. जवानांबरोबरच त्यांच्या कुटुंबीयांची व माजी सैनिकांची शुश्रूषाही त्यांच्याकडे असते.

पात्रता आणि निवड

बारावीनंतर चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम हा या सेवेचा मुख्य मार्ग होय. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईचे नौदलाचे अश्विनी रुग्णालय, तसेच दिल्ली, लखनौ, कोलकाता व बंगळूर येथील सैनिकी रुग्णालये या सहा ठिकाणी हे शिक्षण मिळते. या सर्व ठिकाणी मिळून देशभरासाठी २२० जागा ठरविण्यात आल्या. त्यांपैकी पुण्यात ४० व मुंबईत ४० आहेत. म्हणजे सहापैकी दोन महाविद्यालये महाराष्ट्रातच आहेत. मात्र तेथील जागांवर देशभरातून मुली येतात.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन बारावीची परीक्षा नियमित विद्यार्थिनी म्हणून, पहिल्याच प्रयत्नात व किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते. वय साधारणतः १७ ते २५ वर्षे असावे. उंची सर्वसाधारणपणे १५२ सेंटिमीटर लागते. २०२२ पासून 'नीट' परीक्षेतील गुणांच्या आधारे पहिली निवड होते. त्यानंतर सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची संगणकावरील चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असे टप्पे असतात.

'पहिल्याच प्रयत्नात' या दोन शब्दांचे वजन पालकांनी ओळखले पाहिजे. बारावीचा एक विषय राहिला आणि पुरवणी परीक्षेत सुटला, तर इतर अनेक अभ्यासक्रमांना मुलगी पात्र ठरते. येथे ठरत नाही. अकरावीला कला शाखा घेतलेल्या मुलीलाही हे दार बंद होते. इंग्रजीची चाचणी असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने त्या विषयाची तयारी दोन वर्षे आधी सुरू करणे हिताचे ठरते.

शिक्षणाचा खर्च आणि करार

प्रशिक्षणकाळात निवास व भोजन मोफत असते, शिवाय विद्यावेतन मिळते. खासगी संस्थेचे शुल्क न पेलणाऱ्या कुटुंबाला हा मोठाच आधार होय. परंतु त्याबरोबर सेवेचा करार येतो. शिक्षण मध्येच सोडल्यास किंवा नेमणूक नाकारल्यास कराराची रक्कम भरावी लागते. नेमणूक देशात कोठेही होऊ शकते. म्हणून सही करण्यापूर्वी मुलीने व पालकांनी कराराचे प्रत्येक कलम वाचून समजून घ्यावे.

विवाहाविषयीची शंका घरोघरी विचारली जाते. प्रवेशाच्या वेळी अविवाहित असण्याची मुख्य अट आहे. विधवा, घटस्फोटित किंवा कायदेशीररीत्या विभक्त आणि अपत्याची जबाबदारी नसलेल्या स्त्रियांचाही विचार होतो. नेमणुकीनंतरच्या विवाहाचा प्रश्न वेगळा आहे. १९७७ च्या एका सैनिकी आदेशानुसार विवाह हे सेवामुक्तीचे कारण ठरू शकत असे. तो आदेश १९९५ मध्ये मागे घेण्यात आला. १९८८ मध्ये विवाहामुळे सेवामुक्त केलेल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये असा नियम मनमानी ठरवून ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

दुसरा मार्ग आणि पुढील शिक्षण

बारावीनंतरची संधी हुकली तरी वाट पूर्ण संपत नाही. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आणि राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या महिलांसाठी अल्पमुदतीच्या सेवेची भरती वेळोवेळी जाहीर होते. २०२३-२४ च्या भरतीत २१ ते ३५ ही वयोमर्यादा होती. प्रथम पाच वर्षे व वाढवून कमाल चौदा वर्षे अशी सेवेची मुदत होती. केवळ तीन वर्षांचा जनरल नर्सिंग पदविका अभ्यासक्रम येथे पुरत नाही. पदविकेनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावी लागते.

अमेरिकेच्या सैन्यात 'नर्स प्रॅक्टिशनर', म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेत रुग्ण तपासून उपचार सुचविणारी उच्चशिक्षित परिचारिका, अधिकारी म्हणून घेतली जाते. भारतीय परिचर्या परिषदेनेही अतिदक्षता विभागासाठी या स्वरूपाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला आहे. त्यास बी.एस्सी. नर्सिंग व किमान एक वर्षाचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. म्हणजे याही उंचीची पहिली पायरी बी.एस्सी. नर्सिंग हीच आहे.

भरतीच्या जाहिराती भारतीय सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. अटींत दरवर्षी थोडाफार बदल संभवतो, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी. पाली पंचक्रोशीतील मुलींनी बारावीच्या निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा अकरावीचा प्रवेशअर्ज भरतानाच ही जाहिरात वाचावी. विषयांच्या रकान्यात त्या दिवशी जे लिहिले जाईल, त्यावरच पुढील सर्व टप्पे अवलंबून आहेत.