कोपरे नकोत, वाट हवी

पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना महाराष्ट्रात २०२२ पासून एसटीचं तिकीट लागत नाही आणि २०२३ पासून बायकांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. या सवलतींनी पुष्कळांचं घराबाहेर पडणं सोपं झालं. पण गाडीच्या दारातली उंच पायरी, घरापासून थांब्यापर्यंतचा उखडलेला रस्ता आणि स्टँडवरचं स्वच्छतागृह यांचा विचार तिकिटाइतका झाला नाही. गुडघे धरलेल्या बाईला फुकट तिकिटाचा उपयोग ती गाडीपर्यंत पोचली तरच. वस्तीच्या नियोजनातही हीच गफलत होते. सोय उभी राहते, तिच्यापर्यंतची वाट राहून जाते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सुमारे दहा टक्के लोक साठीच्या पुढचे होते आणि हा वाटा वाढतोच आहे. यावर नगरपालिकांनी आणि बिल्डरांनी काढलेलं उत्तर म्हणजे वयांची वाटणी: मुलांसाठी घसरगुंडीचा कोपरा, तरुणांसाठी जिम, म्हाताऱ्यांसाठी नाना-नानी पार्क. हेतू चांगला आहे, पण मला ही दिशाच चुकलेली वाटते. सर्व वयांना राहण्याजोगी वस्ती वेगवेगळ्या कोपऱ्यांनी बनत नाही. घराच्या दारापासून मैदान, दवाखाना, वाणी आणि बसथांबा इथपर्यंतचं अंतर सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या मापाने आखलं, तर ती बनते.

हे माप केवढं असतं ते पाहू. रस्ता ओलांडण्याचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. १८ मीटर रुंदीचा रस्ता या वेगाने १५ सेकंदांत पार होतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना त्यासाठी साडेबावीस सेकंद लागतात, म्हणजे दिवा बदलतो तेव्हा ते अजून रस्त्यातच असतात. त्यांच्यासारखीच अडचण पोटुशी बाईची, पाय प्लास्टरमध्ये असलेल्या तरुणाची आणि चार वर्षांच्या मुलाचं बोट धरून चालणाऱ्या बापाचीही असते. फुटपाथचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात दुचाकी चढू नयेत म्हणून फुटपाथ उंच करतात आणि प्रत्येक फाटकापाशी तोडतात. मग चढ-उतार टाळायला माणसं रस्त्यावरून चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली, तेव्हा जगातल्या ३३ शहरांमधल्या वृद्धांना विचारलं होतं. त्यात दिल्ली आणि उदयपूरही होती. लोकांनी सांगितलेल्या अडचणींत खडबडीत फुटपाथ, टेकायला बाक नसणं, स्वच्छतागृहांची वानवा अशा अगदी साध्या गोष्टी होत्या. त्या सुधारल्या तर फायदा एकट्या वृद्धांचा होत नाही.

अशी वस्ती कशी दिसते, याचं आपल्याकडचं उदाहरण दादरच्या शिवाजी पार्क परिसरात आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची कोंदट वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहर उत्तरेकडे आखून वाढू लागलं. १९२५ मध्ये हे मैदान लोकांसाठी खुलं झालं आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. मैदानात क्रिकेटच्या खेळपट्ट्या आहेत, व्यायामशाळा आहे, लहान मुलांची बाग आहे आणि नाना-नानी पार्कसुद्धा आहे. पण या परिसराचा प्राण म्हणजे मैदानाभोवतीचा कट्टा. ती बसायच्या उंचीची साधी भिंत आहे. तिच्यावर कुणाच्याही वयाची पाटी नाही. पहाटे फिरायला आलेले ज्येष्ठ तिथे दम खातात, नातवाचा सराव संपेपर्यंत आजी बसते, संध्याकाळी कॉलेजची पोरं येतात. भोवती झाडांची सावली आहे, बेताच्या उंचीच्या जुन्या इमारती आहेत आणि शाळा, दुकानं, दवाखाने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. म्हाताऱ्या माणसाला सोबत मिळते आणि मुलांवर चार ओळखीचे डोळे राहतात, तेही कुणी वेगळा कार्यक्रम न आखता.

यावर रास्त आक्षेप असा की आज तिथलं घर सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. तेव्हा हा नमुना श्रीमंतांचाच ठरतो. पण महाग झाली ती जमीन. बसायच्या उंचीची भिंत, सावली आणि सलग फुटपाथ उड्डाणपुलाच्या मानाने फार स्वस्तात होतात आणि तालुक्याच्या गावालाही परवडतात. उलट अशी वस्ती दुर्मीळ राहिली म्हणूनच तिची किंमत इतकी चढली, असं मला वाटतं. दुसरा आक्षेप वयावयांतल्या भांडणांचा: पोरांचा चेंडू लागतो, गोंगाट होतो. शिवाजी पार्कही यातून सुटलेलं नाही. तिथल्या आवाजाचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०१० मध्ये तो भाग शांतता क्षेत्र ठरला. मात्र त्यामुळे खेळ बंद झाले नाहीत. ध्वनिक्षेपकांना मर्यादा आल्या. भांडण नियमाने सोडवता येतं, त्यासाठी माणसं वेगळी करावी लागत नाहीत. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मोठ्या गृहसंकुलात क्लबहाउस, बाग, पाळणे, बाक सगळं कुंपणाच्या आत सुरक्षित मिळतं, मग रस्त्याची काळजी कशाला? आई-बापांची धास्ती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण फाटकाबाहेर पाऊल टाकताच फुटपाथ संपत असेल, तर दहा वर्षांचं मूल एकटं वही आणायला जाऊ शकत नाही आणि ऐंशीच्या आजोबांना औषधाच्या दुकानात जायला गाडी लागते. त्या घरांत कामाला येणाऱ्या बाईला तर रोज त्याच रस्त्याने चालायचं असतं. शिवाय रस्त्याकडे गॅरेजची भिंतच आली की रस्ता ओस पडतो आणि आणखी असुरक्षित होतो.

हे बदलण्याची जागा म्हणजे गावाचा विकास आराखडा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होतं आणि नागरिकांना मुदतीत हरकती-सूचना देता येतात. बहुतेक हरकती स्वतःच्या भूखंडावर पडलेल्या आरक्षणाविरुद्ध असतात; फुटपाथच्या रुंदीबद्दल, बाकांबद्दल, मैदानापर्यंतच्या वाटेबद्दल क्वचितच कुणी लिहितं. आरक्षणाचंही वेळेवर पाहावं लागतं. कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही, तर आरक्षण रद्द होतं. मैदान म्हणून रंगवलेला तुकडा असाच हातचा जातो. प्रभागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने आणि शाळेच्या पालकांनी मिळून एकच अर्ज द्यावा, त्यात आरक्षित मैदानाचा सर्व्हे नंबर असावा आणि तिथे पायी पोचायच्या रस्त्याची मागणी असावी.