गंधकाचा निरोप आणि मोजपट्टीचा प्रश्न

सडक्या अंड्यांसारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड मॅनहोलमध्ये उतरलेल्या कामगारांचा जीव घेतो. पेशींच्या श्वसनातला शेवटचा दुवा अडवून तो माणसाला गुदमरवतो. जवळपास सगळ्या विसाव्या शतकात या वायूची ओळख एवढीच होती. आपल्या पेशीही तो स्वतःच तयार करतात, आणि पेशी व जिवाणू तो कामालाही लावतात, हे गेल्या साडेतीन दशकांत पुढे आले. ‘विष होते, दूत निघाले’ अशी ही कथा एव्हाना रुळली आहे, पण ती अर्धीच आहे. या काळात मोजपट्टी वारंवार बदलली, आणि ती बदलली की वायूबद्दलचे दावे आकसले, त्यामागचे गंधकाचे रसायन मात्र अधिक पक्के झाले. या रसायनाचा सर्वांत भक्कम पुरावा आज माणसापेक्षा जिवाणूंकडे आहे.

सुरुवात विषबाधेच्या अभ्यासातून झाली. १९८९ साली, वायूचा संपर्क न आलेल्या उंदरांच्या मेंदूतही सल्फाइड आढळले. १९९६ मध्ये जपानच्या काझुहो आबे आणि हिदेओ किमुरा यांनी हे सल्फाइड मेंदूतले एक विकर बनवते आणि स्मरणाशी निगडित चेतासंदेश त्याने बळावतात, असे दाखवले. पुढे रक्तवाहिन्या सैलावण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. २००५ साली सिएटलच्या मार्क रॉथ यांच्या गटाने ८० पीपीएम वायूत ठेवलेल्या उंदरांचा चयापचय जवळजवळ थंडावून दाखवला, तेव्हा उत्साहाला उधाण आले. मेंढ्यांसारख्या मोठ्या प्राण्यांत तो परिणाम काही मिळाला नाही. २००८ मध्ये हा वायू बनवणारे एक जनुक काढलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढल्याचे प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांत दुसऱ्या गटाला तशाच उंदरांचा रक्तदाब सामान्य आढळला. खरा धक्का मात्र मोजमापातून बसला. मेथिलीन ब्लूच्या जुन्या पद्धतीत वापरले जाणारे तीव्र आम्ल प्रथिनांत बांधलेला गंधकही मोकळा करते, त्यामुळे आकडे फुगत होते. २००८ साली गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजल्यावर ऊतींमधला मुक्त वायू आधीच्या आकड्यांच्या हजाराव्या भागाएवढाच भरला.

मग इतक्या क्षुल्लक प्रमाणातला वायू निरोप पोचवणार तरी कसा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला रसायनशास्त्राचीही साथ आहे: प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या साध्या गंधकावर हायड्रोजन सल्फाइड थेट चिकटत नाही, दोहोंपैकी एक आधी ऑक्सिडीभूत व्हावा लागतो. पण यावरून गंधकाचे संदेशवहनच खोटे ठरत नाही. आपण चुकीच्या रेणूकडे बघत होतो, एवढेच ठरते. २०१४ मध्ये ताकाआकी आकाइके यांच्या गटाने पेशींत पर्सल्फाइड, म्हणजे गंधकाला गंधक जोडलेली संयुगे, भरपूर असल्याचे दाखवले. साध्या सिस्टीनपेक्षा ती कितीतरी चपळ असतात. २०१७ साली त्याच गटाला आढळले की, प्रथिने बांधण्याच्या कामातले एक विकर अशी संयुगे बनवते, तीही वायूची वाट न पाहता. म्हणजे वायू हा बऱ्याच अंशी या व्यवहाराची मागे उरणारी खूण आहे.

जिवाणूंकडे वळले की हे चित्र स्पष्ट होते. प्रयोगशाळेत ट्रिपल शुगर आयर्न अगर या माध्यमाच्या नळीत साल्मोनेला वाढवला की तळ काळा पडतो, ई. कोलायची नळी नुसती पिवळी होते. म्हणून ई. कोलाय सल्फाइड न बनवणारा, अशी नोंद पिढ्यान् पिढ्या होत आली. पण ही चाचणी माध्यमातल्या थायोसल्फेटपासून बनणारे सल्फाइड पकडते. त्याच ई. कोलायच्या नळीत लेड ॲसिटेटमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी वर टांगली की ती काळवंडते, आणि सल्फाइड बनवणारे जनुक काढून टाकले की पट्टी फिकी राहते. याच आधारावर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या एवगेनी नुडलर यांच्या गटाने दाखवले की, अशी जनुके नसलेले जिवाणू प्रतिजैविकांपुढे लवकर हार मानतात. स्टॅफिलोकोकसमधले सीएसटीआर हे प्रथिन तर डीएनएवर बसून काही जनुके बंद ठेवते. पर्सल्फाइड आले की त्याच्या दोन सिस्टीनांमध्ये गंधकाचा पूल बांधला जातो, पकड सुटते आणि जादा सल्फाइडची विल्हेवाट लावणारी जनुके चालू होतात. नुसत्या सल्फाइडला ते दाद देत नाही.

इथेही आक्षेप आहेत. नुडलर यांचे स्पष्टीकरण ‘प्रतिजैविके ऑक्सिडीकारक रेणूंमार्फत मारतात’ या गृहीतावर उभे होते, आणि २०१३ मध्ये दोन गटांनी त्यालाच आव्हान दिले. नुडलर यांनी या संरक्षणासाठी वापरलेला ‘सार्वत्रिक’ हा शब्दही टिकला नाही; २०२० मध्ये असिनेटोबॅक्टरमध्ये बाहेरून दिलेल्या सल्फाइडने प्रतिजैविकाचा मारा उलट वाढला. पण यंत्रणेवर वाद असला म्हणजे निरीक्षण पुसले जात नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमित सिंग आणि पुण्याच्या आयसरमधील हरिनाथ चक्रपाणी यांच्या गटांनी २०१७ साली फक्त जिवाणूंतच सल्फाइड सोडणारा रेणू वापरला. मूत्रमार्गात संसर्ग करणारा ई. कोलाय त्या सल्फाइडच्या जोरावर सायटोक्रोम बीडी या पर्यायी श्वसनमार्गाकडे वळतो आणि औषध सोसतो, असे त्यांना आढळले. २०२१ मध्ये नुडलर यांच्या गटाने जिवाणूंचे सल्फाइड बनवणारे विकर रोखणारे रेणू शोधले, आणि त्यांनी प्रतिजैविकांचा परिणाम वाढवला.

म्हणूनच या काळाचा हिशेब मांडताना माणसाच्या शरीरातल्या सल्फाइडबद्दलचा प्रत्येक दावा कोणत्या मोजमापावर उभा आहे, हे आधी विचारावे. जिवाणूंच्या बाबतीत जनुक काढता येते, परत घालता येते आणि औषध देऊन निकाल पाहता येतो. त्यामुळे गंधकाच्या या रसायनाचा रुग्णाला पहिला उपयोग झालाच, तर तो रक्तदाबावर नव्हे, औषधांना न जुमानणाऱ्या संसर्गांवर होण्याची शक्यता मला अधिक वाटते.