टेबलावरचा शक्तिमान

पोळ्याला आपण मातीचे बैल पुजतो. पिशोरला मी तितक्याच हौसेने लष्करी ट्रकच्या छोट्या प्रतिकृती जोडतो, रंगवतो. टेबलावरच्या युद्धखेळात त्या लागतात. जबलपूरला १९५९पासून बनू लागलेला शक्तिमान माझा आवडता. प्रमाण १ : ७२. म्हणजे अर्धा मिलिमीटर रंग हा खऱ्या ट्रकवर ३.६ सेंटिमीटरचा लेप झाला! दारांच्या फटी, बिजागऱ्या त्यात बुजतात. म्हणून रंग पातळ करावा, एक हात वाळल्यावरच दुसरा द्यावा. चाके वेगळी रंगवून शेवटी चिकटवावीत.

मुलांना रणगाडाच हवा असतो. पण डिझेल, दारूगोळा आणि शिधा पोहोचवणारा ट्रक अडला, की रणगाडाही जागीच थांबतो. खेळाच्या दोन डावांत हे कळते. मग मुले आपणहून ट्रक मागतात.