‘४०७’ म्हणजे चार टन माल नव्हे : जुन्या पिकअपची नावे आणि त्यांची खरी वजने

जुनी मालवाहू पिकअप घेताना सौदा बहुधा नावावर ठरतो. ‘२०७’, ‘४०७’, ‘बोलेरो दीड टन’ एवढे कानावर पडले की घेणारा मनातल्या मनात किती माल बसेल याचा हिशेब मांडू लागतो. मात्र नावातील आकड्याचा अर्थ प्रत्येक कंपनीने वेगळा ठरवला आहे आणि कायदा त्यांपैकी एकही अर्थ ग्राह्य धरत नाही. चालक परवाना, परमिट, विमा आणि दंड या साऱ्या गोष्टी नोंदणी प्रमाणपत्रावरील वजनानुसार ठरतात. बेळगावहून भाजी आणणाऱ्या, मासळी पोहोचवणाऱ्या किंवा चिरे वाहणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला हा फरक माहीत नसेल, तर त्याची किंमत नंतर मोजावी लागते.

तीन वजने वेगळी

पहिले, रिकाम्या गाडीचे वजन. यात हौदा आणि नेहमीची साधनसामग्री धरली जाते. चालक व त्याचा मदतनीस धरले जात नाहीत. दुसरे, एकूण वजन, म्हणजे माल आणि माणसांसह गाडीला रस्त्यावर जास्तीत जास्त किती भरण्याची मुभा आहे ती मर्यादा. तिसरे, वहनक्षमता. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की ती मिळते. समजा, एकूण वजन २९५० किलो आणि रिकामे वजन १७०० किलो आहे, तर उरतात १२५० किलो. चालक व मदतनीस यांचे सव्वाशे-दीडशे किलो यातूनच जातात. म्हणजे प्रत्यक्ष माल अकराशे किलोच्या आसपासच भरता येतो.

नावातील आकडे काय सांगतात?

टाटांच्या जुन्या गाड्यांची नावे ज्या पद्धतीने पडली, ती मूळची जर्मन मर्सिडीझ-बेंझची. १९५४ पासून पुढे काही वर्षे टेल्को आणि डायमलर-बेंझ यांचे सहकार्य होते आणि त्या काळातील नामकरणाची रीत पुढेही टिकली. या रीतीत शेवटचे दोन आकडे इंजिनाची ताकद दर्शवतात; त्यांना दहाने गुणले की अंदाजे अश्वशक्ती मिळते. आधीचा आकडा एकूण वजन टनांत सांगतो. म्हणून ‘१२१०’ म्हणजे सुमारे बारा टन एकूण वजन आणि शंभर अश्वशक्ती. ‘१६१३’ म्हणजे सोळा टन आणि एकशे तीस.

१९८६ साली बाजारात आलेली ‘४०७’ याच हिशेबाने चार टनांची व सत्तर अश्वशक्तीची. हे चार टन गाडीसकट आहेत, मालाचे नव्हेत. शिवाय पुढील आवृत्त्यांचे एकूण वजन चार टनांच्या पलीकडे गेले तरी नाव तेच राहिले. म्हणूनच दोन वेगवेगळ्या वर्षांच्या ‘४०७’ शेजारी उभ्या केल्या, तर नाव एक आणि कागदावरील वजन वेगळे, असे सहज घडते.

आकड्यांच्या मागेपुढे येणारी अक्षरेही वजनाविषयी फारसे सांगत नाहीत. ‘एसएफसी’ म्हणजे इंजिन चालककक्षाच्या अर्धवट पुढे असलेली, नाकाड बाहेर आलेली गाडी. ‘एलपीटी’ सपाट तोंडाची. ‘एलपीके’ म्हणजे टिपर. ‘२०७ डीआय’मधील ‘डीआय’ हे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनाचे लक्षण आहे.

महिंद्राची रीत नेमकी उलट. बोलेरो पिकअपच्या अनेक आवृत्त्यांना लावलेले ‘१.५ टी’ किंवा ‘१.७ टी’ हे आकडे वहनक्षमतेचे आहेत. टाटांची २००५ मधील ‘एस’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला छोटा हत्ती, किंवा अशोक लेलँडची २०११ मधील ‘दोस्त’ यांच्या नावात आकडाच नाही. पहिलीची क्षमता पाऊण टन आणि दुसरीची सव्वा टन, हे कागद पाहूनच कळते.

हा गोंधळ केवळ भारतातला नाही. अमेरिकेत ‘अर्ध्या टनाची’ म्हणून ओळखली जाणारी पिकअप आज त्याहून कितीतरी अधिक माल वाहते. जुन्या वहनक्षमतेवरून पडलेले नाव तसेच चिकटून राहिले. फोर्डने १९७५ साली ‘एफ-१००’ आणि ‘एफ-२५०’ यांच्यामध्ये ‘एफ-१५०’ आणली, ती तिचे एकूण वजन ६००० पौंडांच्या थोडे वर ठेवून. त्या रेषेखालील गाड्यांना धूर नियंत्रणाचे अधिक कडक नियम लागू होते.

कायद्याच्या रेषा

आपल्याकडेही अशा रेषा आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार ३००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही. त्यावर गेले की लागते. हलक्या वाहनाची मर्यादा ७५०० किलो, त्यापुढे १२,००० किलोपर्यंत मध्यम आणि त्याहून अधिक ते अवजड.

यातील ७५०० ची रेषा चालकासाठी सर्वांत महत्त्वाची. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला या मर्यादेतील मालवाहू वाहन स्वतंत्र शेऱ्याविना चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. पण रेषा ओलांडली की हा आधार उरत नाही आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात नेमका हाच प्रश्न पुढे येतो. ‘७०९’ नाव ऐकून गाडी सात टनांची आहे असे गृहीत धरू नये; नोंदणीवर ७५०० च्या आतला आकडा आहे का, तो पाहावा.

मर्यादेपेक्षा अधिक माल भरल्यास कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू दिली जात नाही. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना जादा भार ब्रेकवर येतो, हा दंडापेक्षा मोठा धोका.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

नोंदणी प्रमाणपत्रावर रिकामे वजन आणि एकूण वजन हे दोन्ही आकडे असतात. मालवाहू वाहनावर ते रंगवणेही बंधनकारक आहे. ‘यूएलडब्ल्यू’ म्हणजे रिकामे वजन आणि ‘आरएलडब्ल्यू’ म्हणजे नोंदणीकृत भारित वजन. कागद, रंगवलेला आकडा आणि चासीवरील पट्टी या तिन्हींचा मेळ बसतो का, ते तपासावे. प्रमाणपत्रात टायरचे आकार व संख्याही नोंदलेली असते. चाकांवर मोठे टायर दिसले तर त्याचे कारण विचारावे.

मागे जादा पाटे घातले आणि हौदा उंच केला, तरी कायद्याने मान्य असलेले एकूण वजन एका किलोनेही वाढत नाही. उलट, जड हौद्यामुळे रिकामे वजन वाढून वहनक्षमता तेवढी कमी होते. म्हणून सौदा पक्का करण्यापूर्वी रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर घ्यावी. काट्यावरचा आकडा प्रमाणपत्रावरील रिकाम्या वजनापेक्षा बराच अधिक निघाला, तर गाडीत नोंद न केलेला बदल झाला आहे असे समजून विक्रेत्याकडे खुलासा मागावा.