न्हाणीतला वाळा आणि बार्बाडोसचा दोरा-साप

पावसाळा लागला की जामसांवली, सौंसर, पांढुर्णा भागात कधी न्हाणीच्या मोरीतून, तर कधी कुंडीखालच्या ओल्या मातीतून एक काळपट, चकचकीत जीव बाहेर येतो. लांबी वीतभरही नाही. कुणी त्याला गांडूळ समजतं, तर कुणी "नागाचं पिल्लू!" म्हणून चप्पल उचलतं. तो असतो वाळा, पूर्ण वाढलेला बिनविषारी साप. त्याचे डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन ठिपके. मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या हे त्याचं जेवण.

वाळ्यांत सगळ्या माद्याच असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे रोपाच्या मातीतून एकच मादी परदेशी गेली, तरी तिथे तिचा वंश सुरू होतो. असाच वाळा हवाई आणि कॅरिबियन बेटांवर पोचला.

कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाचा स्वतःचाही एक चिमुकला साप आहे, दोरा-साप. लांबी जेमतेम १० सेंटीमीटर. जगातल्या सर्वांत लहान सापांत त्याची गणना होते. ब्लेअर हेजेस यांनी २००८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. तो जंगलात राहतो आणि मादी एका वेळी एकच अंडं घालते. बेटावरचं बहुतेक मूळ जंगल शेतीसाठी तोडलं गेलं आणि सुमारे २० वर्षं हा साप कुणाला दिसलाच नाही.

तिथल्या अभ्यासकांनी वर्षाहून अधिक काळ दगड उलथून पाहिले. अखेर मार्च २०२५ मध्ये झाडाच्या मुळाशी, एका दगडाखाली तो सापडला. पण हा दोरा-साप की आपला वाळा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरेना! सूक्ष्मदर्शकाखाली पाठीवरचे फिकट पट्टे दिसले, तेव्हा खात्री पटली. मग त्याला पुन्हा जंगलात सोडलं.

आपल्याकडे वाळा भरपूर, म्हणून त्याची किंमत नाही. नागपंचमीला आपण नागाची पूजा करतो, त्या दिवशी जमीन खणत नाही. आणि त्याच श्रावणात वाळा चपलेखाली मरतो.

पुढच्या वेळी आधी नीट पाहा. गांडुळासारखी वळी अंगावर नाहीत, बारीक जीभ लवलवते आहे, तर तो वाळा असू शकतो. पण मण्यारीचं पिल्लूही लहानच असतं, म्हणून हात लावू नका. खात्री असेल, तर जाड कागदावर घेऊन बागेत सोडा. नसेल, तर सर्पमित्राला बोलवा.