स्मार्ट घर, घरची वीज आणि उच्च प्राथमिक वर्गांतील पाठ

घनसावंगी तालुक्यातील एखाद्या खेड्यात सातवीच्या वर्गापुढे ‘स्मार्ट घर’ हा शब्द उच्चारला, तर मुलांना तो अगदीच अनोळखी वाटत नाही. बोलताच लागणारा दिवा आणि माणूस खोलीबाहेर जाताच थांबणारा पंखा त्यांनी मोबाइलवरील जाहिरातीत पाहिलेला असतो. अडचण असते ती शिक्षकाची. ज्या वस्तू गावातील एकाही घरी नाहीत त्यांविषयी शिकवावयाचे, म्हणजे परगावच्या जत्रेचे वर्णन करण्यासारखे होते. मुले ऐकतात, हरखतात आणि विसरून जातात. त्याहून मोठा धोका असा की, पत्र्याच्या घरात एक दिवा आणि एक पंखा असलेल्या मुलास हा पाठ आपल्यासाठी नव्हेच असे वाटू लागते. यास्तव पाठाचा आरंभ जाहिरातीतील घरापासून न करता मुलांच्या शिवारापासून करणे इष्ट होय.

परिचितापासून आरंभ

कापूस, ऊस अथवा मोसंबीच्या बागेस पाणी देणाऱ्या पंपाच्या पेटीत बसविलेला ‘ऑटो’ या भागातील बहुतेक मुलांच्या परिचयाचा असतो. वीज आली की कोणी विहिरीवर नसतानाही पंप सुरू करावयाचा, एवढेच त्याचे काम. मोबाइलवरून पंप चालू वा बंद करण्याची साधनेही आता शेतकऱ्यांच्या हाती आली आहेत. स्मार्ट घराचे मूलतत्त्व याहून निराळे नाही.

अशा प्रत्येक साधनात तीन क्रिया असतात : जाणणे, ठरविणे आणि करणे. वीज आली हे जाणावयाचे, पंप सुरू करावा असे ठरवावयाचे आणि कळ दाबण्याचे कार्य करावयाचे. इस्त्री पुरेशी तापली की तिचा प्रवाह आपोआप तुटतो. शीतकपाट पुरेसे थंड झाले की त्याचे यंत्र थांबते. या वस्तू ‘स्मार्ट’ हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. नव्या साधनांत चौथी क्रिया भरीस पडली, ती निरोपाची. इंटरनेटच्या द्वारे साधन आपली स्थिती दूर असलेल्या मालकास कळविते आणि त्याची आज्ञा स्वीकारते.

हे वर्गात शिकविण्यास कोणतेही साहित्य लागत नाही. तीन मुलांना पुढे बोलवावे. पहिल्याने खिडकीतून उजेड पाहून ‘अंधार’ अथवा ‘उजेड’ एवढेच सांगावे. दुसऱ्याने नियमानुसार आज्ञा द्यावी. तिसऱ्याने हात वर करून दिवा लागल्याचे दाखवावे. मग पहिल्याच्या डोळ्यांसमोर पाटी धरावी. भर दुपारी दिवा लागेल आणि वर्ग हसेल. यंत्र आपण होऊन विचार करीत नाही, त्यास जे कळले त्यावरच ते चालते, हा सिद्धान्त मुलांस एका क्षणात उमगतो.

युनिट म्हणजे काय

विजेची बचत शिकवावयाची तर वीज मोजता आली पाहिजे. साधनावर लिहिलेले वॉट गुणिले वापराचे तास, भागिले १०००, म्हणजे युनिट. हे सूत्र फळ्यावर लिहून मुलांकडून पुढील उदाहरणे सोडवून घ्यावीत.

६० वॉटचा जुना तारेचा दिवा रोज ५ तास जळाला तर ३० दिवसांत ९ युनिटे खर्च होतात. त्याच्याइतकाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात १.३५ युनिटे घेतो. ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्यास २७ युनिटे होतात. नव्या पद्धतीच्या मोटारीचा सुमारे ३० वॉटचा पंखा असल्यास १०.८ युनिटे. पाणी तापविण्याची १५०० वॉटची कांडी रोज केवळ २० मिनिटे लावली तरी महिन्याची १५ युनिटे होतात. त्या २० मिनिटांच्या विजेत ९ वॉटचा दिवा सुमारे ५५ तास जळू शकतो.

या हिशेबातून मुलांनी दोन निष्कर्ष स्वतः काढावेत, शिक्षकाने ते आधी सांगू नयेत. उष्णता निर्माण करणारी साधने थोड्या वेळात पुष्कळ वीज घेतात, हा पहिला. आणि लहान साधनही दीर्घकाळ चालल्यास मोठा खर्च करते, हा दुसरा.

शाळेत वीजजोडणी असल्यास मीटरचाही उपयोग करून घ्यावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान तांबडा दिवा लुकलुकत असतो. एका युनिटामागे तो किती वेळा लुकलुकेल, तो आकडा मीटरवर छापलेला असतो. हा आकडा ३२०० असेल, तर केवळ ६० वॉटचा दिवा चालू असताना ५ मिनिटांत १६ वेळा, ९ वॉटचा दिवा असताना दोन-तीन वेळा, आणि १००० वॉटची इस्त्री तापत असताना एका मिनिटातच सुमारे ५३ वेळा लुकलुक दिसते. शिक्षकाने स्वतः कळ दाबावी आणि मुलांनी दूर उभे राहून मोजावे. जी वीज डोळ्यांस दिसत नाही ती येथे मोजता येते.

देयक वाचताना

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत आणि दुसरा १०१ ते ३०० युनिटांपर्यंत असतो. शंभराची मर्यादा ओलांडली की सर्वच युनिटांस वाढीव दर लागतो, असा समज अनेक घरी आढळतो. वस्तुतः वाढीव दर केवळ शंभरापुढील युनिटांनाच लागतो. यावरून असे दिसते की, बचत होते ती प्रथम सर्वांत महाग युनिटांची. ११२ युनिटे वापरणाऱ्या घराने वर सांगितल्याप्रमाणे एक पंखा बदलला तर वापर ९५.८ युनिटांवर येतो आणि वाचलेल्या १६.२ युनिटांपैकी १२ युनिटे महाग टप्प्यातील असतात. प्रत्यक्ष दर वेळोवेळी बदलतात. ते चालू देयकावरूनच वाचावेत.

येथे शिक्षकाने एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ‘उद्या आपापल्या घरचे वीजदेयक घेऊन या’ असा गृहपाठ देऊ नये. एखाद्या घरी थकबाकी असते, एखाद्याची जोडणी तोडलेली असते, एखाद्या घरात मीटरच नसतो. ज्या मुलाच्या घरी आकडा टाकलेला आहे, त्यास वर्गासमोर मान खाली घालावयास लावून विज्ञान शिकविता येत नाही. ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. शाळेचे देयक अथवा शिक्षकाने फळ्यावर तयार केलेले काल्पनिक देयक या कामास पुरेसे आहे.

स्मार्ट साधनाचा स्वतःचा खर्च

जाहिरात जे सांगत नाही ते पाठात सांगितले गेले पाहिजे. आज्ञेची वाट पाहणारे साधन निजलेले नसते. त्यास दिवसरात्र १ वॉट लागतो असे धरल्यास महिन्यास ०.७२ युनिट होते. ९ वॉटचा दिवा रोज ५ तास जळून जेवढी वीज घेतो तिच्या निम्म्याहून हे अधिक आहे. त्यासोबत इंटरनेटचा १० वॉटचा राउटर अखंड चालू ठेवल्यास आणखी ७.२ युनिटे लागतात. जुना दिवा बदलून जी ७.६५ युनिटे वाचली होती ती जवळजवळ सर्व येथेच खर्च झाली! एका दिव्याच्या घरास स्मार्ट कळीने बचत होत नाही. खोलीबाहेर पडताना कळ बंद करणारे मूल त्या घराची अधिक बचत करते. मोठी कार्यालये, वसतिगृहे, रस्त्यांवरील दिवे अशा ठिकाणी, जेथे कळ कोणी बंद करावयाची हेच निश्चित नसते, तेथे मात्र अशा साधनांचा खरा लाभ होतो. शिवाय घरात माणसे केव्हा असतात व केव्हा नसतात, ही माहिती अशा साधनांजवळ साठत जाते, याचीही जाणीव मुलांस द्यावी.

एकाची सोय आणि गावाची हानी

आता पुन्हा विहिरीवरील ऑटोकडे वळावे, कारण या पाठातील सर्वांत मोलाचा भाग तेथेच आहे. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते. एका रोहित्रावरील, म्हणजे डीपीवरील, सर्व पंपांना ऑटो असले तर वीज येताच सारे पंप एकाच क्षणी सुरू होतात. तो भार रोहित्रास पेलत नाही आणि ते जळते. मग ते बदलून मिळेपर्यंत सर्वांचीच पिके पाण्याविना उभी राहतात. याच कारणास्तव ऑटो काढून टाकावेत व पंपांना कपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरणने शेतकऱ्यांना वेळोवेळी केले आहे.

वर्गात हे असे दाखवावे. घंटा होताच सर्व मुलांनी एकदम दाराकडे निघावे असे सांगताच दारात गर्दी होईल. शिक्षकाने तेथेच थांबवावे. नंतर ओळीओळीने सोडावे. दार तेच, मुले तीच, परंतु गर्दी नाही. मग विचारावे : प्रत्येक ऑटोने वीज आल्यावर निरनिराळी मिनिटे थांबून पंप सुरू केला तर काय होईल? उत्तर मुलेच देतील. स्वयंचलित असणे आणि सुज्ञ असणे यांतील भेद हाच आहे. जे यंत्र केवळ आपल्या मालकापुरते पाहते ते स्वयंचलित. जे शेजाऱ्याचाही भार ओळखून वागते ते सुज्ञ.

हेच तत्त्व आता घरगुती विजेतही येत आहे. स्मार्ट मीटर कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद ठेवतो. त्याच्या आधारे महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील घरगुती वापरास दरात सवलत देण्यास आरंभ झाला. दिवसा सौरवीज मुबलक असते आणि सायंकाळी सर्व घरांचे दिवे एकदम लागतात, हे त्यामागील कारण मुलांस दाराच्या खेळावरून सहज समजेल.

सावधानता

मुलांनी पाहावे, मोजावे आणि हिशेब करावा. कळफलक उघडणे, ओल्या हाताने कळ दाबणे, डीपीजवळ जाणे यांस सक्त मनाई असावी. तुटून पडलेली तार दिसल्यास तिच्यापासून दूर राहून मोठ्या माणसांस कळवावे, हे प्रत्येक मुलाकडून वदवून घ्यावे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे आणि बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते निघून गेल्याची आख्यायिका येथील प्रत्येक मुलास ठाऊक असते. विजेच्या पाठास त्या एका शब्दाइतकी उचित प्रस्तावना दुसरी नाही.

पाठाची कसोटी

१४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास हा पाठ चार तासिकांत पूर्ण करता येतो. त्या दिवशी घोषणांपेक्षा मुलांच्या वहीतील हिशेब महत्त्वाचा मानावा. साधनावरील वॉट वाचून महिन्याची युनिटे काढता आली, एखाद्या साधनातील जाणणे, ठरविणे व करणे वेगळे दाखविता आले, आणि एखादे स्मार्ट साधन आपल्या घरी घ्यावे की नाही याचे कारण आकड्यांनिशी सांगता आले, तर पाठ सफल झाला असे समजावे. ‘घ्यावे’ हे उत्तर जितके मान्य, तितकेच ‘नको’ हेही. उत्तरामागे हिशेब असला म्हणजे पुरे.